तर नंबर दोन

मालवणला उतरताना कमरेला सहा किलो शिसं लागतं.
इथं चारावरच मी दगडासारखी गेले.
गोडं पाणी माणसाला कमी उचलतं,
पुस्तकात वाचलं होतं; कृष्णेनं खांद्याला धरून सांगितलं.

एप्रिल. मांजरीच्या पुलावरनं उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या
खडखडत परत चाललेल्या.
भरमूनं गुळाची काहील पाण्यात सोडली,
तीत माझ्या दोन टाक्या, दोर, प्यायच्या पाण्याची कळशी
आणि एक लांब बांबू. मगरीसाठी, म्हणाला,
आणि हसला नाही.

डोहाचे पहिले दोन मीटर हिरवे.
मग चहा.
मग बिनदुधाचा, उकळून उकळून काळा.
सहा मीटरवर टॉर्च म्हणजे धुक्यात धरलेली मूठ.
समुद्रात मी डोळ्यांनी बुडी मारते,
इथं कोपरांनी, नखांनी,
नळीतल्या स्वतःच्याच घरघरीवर कान ठेवून.

आणि मग लाकूड.

समुद्रानं ते केव्हाच खाल्लं असतं.
तिथं एक किडा असतो, नावा पोखरून जगतो.
गोड्या पाण्यात तो नाही.
बावन्न वर्षं झाली, सागवानाची कड अजून धारेची;
अंगठा दाबला तरी आत जात नाही.
कडेकडेनं सरकत नाळेपाशी आले.
तिथं आकडा कोरलेला. गाळ बाजूला करून बोट फिरवलं:
वर वळण, खाली ओढलेली शेपूट.
दोन.
मराठीतला की कानडीतला?
दोन्हीकडं दोन जवळजवळ सारखाच वळतो.
बोटाला कळलं नाही. मीही त्याला फार विचारलं नाही.

पोती कुजून गेलेली, तंबाखूचा मागमूस नाही.
मापं मात्र होती, मागच्या फळीखाली, एकमेकांवर कलंडलेली.
हीच ती, निंगाप्पानं विकली म्हणून गाव म्हणत आलं.
अडत्यानं पंचायतीत सांगितलं होतं:
चाळीस पोती, चाळीस-चाळीस किलोची,
काट्यावर मोजून चढवलेली, तराला सहज झेपणारी.
बुडाली ती नावाड्याच्या दारूनं.
निंगाप्पा दारू पीत नव्हता.
पण पुढं पूल झाला, आणि त्याला विचारायचं कुणाला कारणच उरलं नाही.

कडीत बोटं घालून पाच किलोचं माप उचललं.
पाण्यात लोखंड थोडं हलकं लागतं.
हे लागलं नाही.

काठावर मासे विकणाऱ्या शांतव्वाचा काटा होता.
तिनं पाट्यावरचे खवले पुसले, माप ठेवलं.
लाल आकडे थरथरले, थांबले:
पाच किलो सहाशे चाळीस.
"पाण्याचं वजन आसंल," ती म्हणाली.
मी चाकूनं गंज खरवडला.
बुडाशी भोक. भोकात शिसं,
माझ्या कमरेला होतं तसलंच.

पाचामागं सहाशे चाळीस ग्रॅम,
म्हणजे पोत्यामागं पाच किलो, म्हणजे चाळीस पोत्यांमागं...
"मोजू नगंस," निंगाप्पा म्हणाला.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, पाय वाळूत.
"दर बाजारी तर बोटभर जास्त बसायची.
पैल्या बाजारालाच कळलं मला.
सांगितलं हुतं पंचायतीत.
म्हणाले, नाव काय बोलती व्हय?"

मी माप त्याच्या हातात दिलं.
त्यानं ते एकदाच वर-खाली केलं,
"हौद," म्हणाला, स्वतःशीच,
आणि खुर्चीखाली सरकवून दिलं, चपलांशेजारी.

मग विचारलं,
"उभी हाय का आडवी?"
उभी.
"तोंड?"
मला आठवावं लागलं. खाली दिशा नसतात,
मनगटावरची सुई फक्त असते, तीही गाळात बुडालेली.
डोळे मिटून पुन्हा कडेवरनं हात फिरवला,
मागच्या फळीपासून नाळेपर्यंत.
पल्याड, म्हटलं. पल्याडच्या घाटाकडं.

"मग बरं."

तो बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला,
आणि एकदम भरमूवर ओरडला,
काहील वर वढ की रं, उन्हात तापली ती.